जे-२४: गोव्याच्या किनाऱ्यासाठी पहिली शिडाची बोट म्हणून कशी आहे?

दोघं-तिघं मित्र मिळून पहिली शिडाची बोट घेणार असतील आणि ती मांडवीत ठेवून किनाऱ्याने फिरायचा बेत असेल, तर सेकंडहँड जे-२४ घ्यावी, असं आमचं मत आहे. वळायला ती चपळ आहे, हलक्या वाऱ्यातही चालते आणि चूक केली की लगेच जाणवून देते, म्हणजे शिकायला उत्तम. पण ही मुळात शर्यतीची बोट. तिच्या चार जागा नीट तपासल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये: कील (तळाखालचं वजनदार पातं), सुकाणू, डेकचा आतला गाभा आणि कॉकपिटमधल्या (मागच्या उघड्या बसायच्या जागेतल्या) कप्प्यांची झाकणं. रंग नवा आहे, गाद्या नव्या आहेत, यावर भाळून घेतलेल्या बोटी पुढे दुरुस्तीतच अडकून पडतात.

रॉड जॉन्स्टन यांचं हे डिझाइन १९७७ पासून बाजारात आहे आणि जगभरात पाच हजारांवर बोटी बांधल्या गेल्या आहेत. त्यामुळे सुटे भाग, जुनी शिडं, दुरुस्तीची माहिती मुबलक मिळते. लांबी ७.३२ मीटर, रुंदी २.७१ मीटर, वजन सुमारे १,४०० किलो, त्यातलं ४३० किलोच्या आसपास कीलमध्ये. पाण्याखाली ती १.२२ मीटर जाते, आणि गोव्यात हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. मांडवी आणि जुवारीत एवढी खोली आरामात मिळते. शापोऱ्याच्या आणि बेतूलच्या मुखावर वाळू सरकत असते. तिथे स्थानिक होडीवाला डोळे मिटून जातो म्हणून आपणही जावं, असं नाही. त्याची होडी गुडघाभर पाण्यात तरंगते, आपली कील टेकते.

केबिनमध्ये चार जण झोपू शकतात असं कागदावर असलं, तरी उभं राहता येत नाही, आणि एप्रिलच्या उकाड्यात दोघांनीच झोपावं. स्वयंपाकाची सोय नावापुरती. ज्यांना तरंगतं घर हवंय त्यांनी हिच्याकडे पाहू नये.

आता तपासणी. बोट जमिनीवर, पट्ट्यांत उचललेली असतानाच पाहायला मागा. पाण्यात असलेल्या बोटीचा सौदा करू नका. कील जिथे हलला, म्हणजे बोटीच्या मुख्य अंगाला, मिळते त्या सांध्याच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेकडच्या बाजूला, आडवी बारीक भेग दिसते का पाहा. केसासारखी भेग नुसती फिलर सुटल्याची असू शकते. पण तिच्यातून तपकिरी पाणी झिरपत असेल, किंवा बोट टांगलेली असताना एकाने कीलचं खालचं टोक आडवं ढकललं आणि दुसऱ्याला सांधा हलताना दिसला, तर गोष्ट बोल्टांपर्यंत गेलेली आहे. आत बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या खळग्यात, बोल्टांवरचे नट पाहा. वर गंज आणि भोवती ओल असेल तर बोल्ट आतून किती खाल्ला गेलाय हे वरून कळत नाही. जुन्या बोटींत आणखी एक भानगड असते: कीलच्या वरच्या खोबणीत व्हर्मिक्युलाइट आणि रेझिनचं मिश्रण भरलेलं असायचं. ते पाणी पितं, मऊ पडतं आणि नट कितीही आवळले तरी पुन्हा सैल होतात. यावर इलाज एकच, ते सगळं कोरून काढायचं आणि फायबरग्लास-इपॉक्सीने भरीव करायचं. काम होण्यासारखं आहे, पण बोट आठवडेच्या आठवडे यार्डात राहते, तेव्हा त्याचा खर्च सौद्यातच वळता करून घ्या.

डेक फायबरग्लासच्या दोन थरांचा आणि मधे बाल्सा लाकडाचा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वीतभर अंतरावर टकटक करत जा. सुक्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी ठप्प. स्टँशनचे (कठड्याच्या खांबांचे) पाय, विंचच्या (दोर ओढायच्या चरखीच्या) खालची जागा, श्राउड (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारा) जिथे डेकमधून खाली जातात तिथली चेनप्लेट (तार अडकवायची धातूची पट्टी) आणि डोलकाठी डेकमधून आत शिरते तो भाग, या चार ठिकाणी जास्त वेळ द्या. भोक पाडून स्क्रू बसवला आणि सीलंट म्हातारं झालं की पाणी तिथूनच आत जातं. गोव्याच्या पावसात तीन-चार महिने उघड्यावर राहिलेल्या बोटीचा बाल्सा सुका निघाला तर मालकाने निगा राखली होती हे समजा. बाकीचीही बोट बहुधा तशीच असेल.

डोलकाठी डेकवर टेकत नाही, थेट केबिनमधून खाली जाऊन ॲल्युमिनियमच्या एका आडव्या तुळईवर बसते. बिल्जमधलं खारं पाणी तिथेच साचतं. स्टीलचे बोल्ट आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. पांढरी भुकटी दिसली तर नखाने खरवडून खाली धातू उरलाय का पाहा. ताणाच्या तारांवरून, म्हणजे स्टे आणि श्राउडवरून, कापसाचा बोळा फिरवा. जिथे धागे अडकतात तिथे तारेतला एखादा पीळ तुटलेला असतो. तारा केव्हा बदलल्या याचं बिल नसेल तर त्या बदलायच्याच आहेत असं धरून चाला. आपल्याकडच्या उन्हात आणि खाऱ्या हवेत दहा वर्षांवर भरवसा ठेवू नये, आणि नवशिक्यांची डोलकाठी पडते ती बहुतेक जुन्या तारेमुळे किंवा पिन न वाकवलेल्या टर्नबकलमुळे (तार ताणायच्या स्क्रूमुळे).

सुकाणू मागे बाहेर टांगलेलं आहे, ही तपासायला सोपी गोष्ट. खालचं टोक धरून जोरात डावी-उजवी हलवा. बिजागरीत खडखड झाली तर बुश बदलायचे. खुद्द ट्रान्समची, म्हणजे बोटीच्या मागची, भिंत हलताना दिसली तर मात्र आतला गाभा गेलाय. समुद्रात सुकाणू निघालं की बाकी कितीही चांगलं असून उपयोग नाही.

कॉकपिटमधल्या कप्प्यांची झाकणं ही या बोटीची सगळ्यात धोकादायक आणि सगळ्यात स्वस्तात सुटणारी अडचण. कप्पे आतून हलच्या पोटात उघडे असतात. जोराच्या झोतात बोट आडवी झाली आणि झाकणं नुसती टेकवलेली असली, तर पाणी त्यातून थेट केबिनमध्ये जातं. कीलच्या वजनाने आपणहून उभी राहणारी बोट मग उभी राहत नाही, बुडते. प्रत्येक झाकणाला हाताने उघडेल पण आपटल्यावर सुटणार नाही अशी पक्की कडी बसवा, खाली रबराची नवी पट्टी लावा. मांडवीचं मुख ओलांडण्याआधी कड्या लागलेल्या हव्यात आणि केबिनच्या दारातली खालची फळी जागेवर हवी. उकडतंय म्हणून ती फळी काढून ठेवणं ही आम्हाला सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात न पटणारी सवय आहे.

शिडांबद्दल. बोटीबरोबर १५० टक्क्यांचं मोठं जिनोआ (पुढचं मोठं शीड) मिळतं, आणि विकणारा त्याचंच कौतुक करतो. ते डोलकाठीच्या बरंच मागे येतं, प्रत्येक वळणावर श्राउडभोवती ओढून घ्यावं लागतं, आणि दोन नवशिक्यांना बारा-चौदा नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वाऱ्यात ते आवरत नाही. तुम्हाला हवी ती लहान जिब, म्हणजे पुढचंच लहान शीड. ती नसेल तर किमतीतून पैसे कमी करून घ्या. मेनसेलला (डोलकाठीमागच्या मुख्य शिडाला) रीफच्या, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीड लहान करायच्या, ओळी आहेत का बघा. नसतील तर शीड शिवणाऱ्याकडून दोन ओळी बसवून घ्या. शिवणीवर अंगठ्याच्या नखाने घासा, दोरा तुटला तर उन्हाने तो मेला आहे. कापड टिकलं असेल तर नुसती शिवण पुन्हा मारून काम भागतं.

रीफ घ्यायचा सराव आग्वादच्या आत, शांत पाण्यात करा. मेनशीट (मेनसेल आवरायचा दोर) सैल, व्हँग (बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, खाली धरणारा दोर) सैल, हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) खुणेपर्यंत खाली, पुढचा डोळा हुकात, हॅलयार्ड पुन्हा ताठ, मग मागची दोरी बूमपर्यंत खेचून बांधायची. क्रम चुकवून मागची दोरी आधी खेचली तर शीड पुढे ताठ होत नाही, बोट आणखीच कलते आणि कापड रीफच्या डोळ्यापाशी फाटतं. हॅलयार्डवर रंगीत दोऱ्याने खूण शिवून ठेवलीत तर अंधारातही हात बरोबर पडतो. हे सगळं दोन मिनिटांत जमेपर्यंत बाहेर जाऊ नका. आणि सुकाणू धरणाऱ्याला जोर लावावा लागतोय असं वाटलं की वाट न पाहता रीफ घ्या. ही बोट कमी शिडावर जास्त सरळ आणि जवळपास तेवढीच वेगात जाते.

इंजिन म्हणजे मागे लटकवलेलं चार-पाच हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. लांब दांड्याचंच घ्या. आखूड दांड्याचं इंजिन नदीत उत्तम चालतं, पण मुखावर लाटेत मागची बाजू उचलली की पंखा हवेत फिरतो, आणि त्याच जागी त्याची सर्वांत जास्त गरज असते. फोर-स्ट्रोक इंजिन मध्यम वेगात तासाला साधारण दीड लिटर पेट्रोल घेतं आणि साडेचार-पाच नॉट देतं. इंजिनवरच्या टाकीत लिटरभरच मावतं, म्हणून बाहेरची बारा लिटरची टाकी हवी. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि महिनाभर उभ्या राहिलेल्या टाकीत पाणी-इथेनॉलचा थर तळाला बसतो. नळी तळातूनच पेट्रोल उचलते. लक्षण ठरलेलं: इंजिन सुरू होतं, पाच मिनिटं नीट चालतं आणि थ्रॉटल वाढवला की बसतं. पाणी वेगळं करणारा, पारदर्शक वाटीचा फिल्टर नळीत बसवा, सफरीच्या आदल्या दिवशी ताजं पेट्रोल घ्या, आणि परतल्यावर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवून, नळी काढून, कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालू ठेवा. टाकी केबिनमध्ये ठेवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बिल्जमध्ये साचते.

बोटीबरोबर मिळणारा नांगर बहुधा शर्यतीच्या नियमापुरता हलका असतो. सात किलोचा डॅनफोर्थ, त्याला ८ मिलिमीटरची पाच-सहा मीटर साखळी आणि १२ मिलिमीटरचा ४० मीटर नायलॉन दोर, एवढं हवंच. हिशेब असा: खोली चार मीटर, नाळेची उंची एक मीटर, वर उधाणाची भरती दोन मीटर, झाले सात; दिवसा त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर सोडायचे. रात्री सातपट लागतात, म्हणजे ४० मीटर अपुरे. रात्र काढायची असेल तर दुसरा दोर जोडायला ठेवा. गोव्याच्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी वाळू किंवा चिखल आहे, त्यात डॅनफोर्थ छान रुततो. काब द रामच्या खडपांजवळ तो अडकतो, म्हणून नांगराच्या टाचेला एक बारीक दोरी आणि बोयरं (तरंगती खूण) बांधा.

आता ही बोट घेऊन जायचं कुठे. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणून समुद्र आपल्यासाठी उघडला असं समजू नका, ट्रॉलरवाल्यांची गोष्ट वेगळी. हंगामात पहाटे मतलई वारा जमिनीवरून, साडेनऊ-दहापर्यंत. मग तासभर ते दोन तास सगळं थंड. दुपारी वायव्येकडून खारा वारा, जो तीन ते पाचच्या दरम्यान जोरात असतो आणि मार्च-एप्रिलमध्ये आणखी जोर धरतो. जे-२४ला मतलई फार मानवतो. समुद्र सपाट, वारा बाजूने, बोट किनाऱ्याला समांतर पळते. सफरीची आखणी या वाऱ्याभोवती करा, आपल्या न्याहारीभोवती नको.

पहिली सफर आग्वाद ते ग्रांडे बेट आणि परत, एका बाजूला नऊ सागरी मैलांच्या आसपास. वाटेत मुरगाव बंदराचा जहाजमार्ग लागतो. तो काटकोनात, शक्य तितक्या लवकर ओलांडा. बारा नॉटने येणारं जहाज पाच मिनिटांत एक मैल कापतं, आणि वारा पडला तर तुम्ही तिथेच उभे असता. म्हणून तिथे शीड वर असलं तरी इंजिन चालू ठेवा. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरवर कान हवा. खनिजाच्या बार्जही वळायला आणि थांबायला वेळ घेतात. त्यांच्यापुढून जाऊ नये.

दुसरी मोठी सफर पाळोळ्याची. आग्वादपासून ती साधारण ३३ सागरी मैल पडते. सरासरी चार नॉट धरले तर आठ तासांच्या वर, आणि डिसेंबरात सूर्य सहानंतर लगेच मावळतो. पोहोचायला अंधार पडला तर किनाऱ्याजवळच्या जाळ्यांत आणि होड्यांत शिरावं लागतं. नवशिक्यांनी ती दोन टप्प्यांत करावी, किंवा पहाटे उजाडताच निघून दुपारी एकपर्यंत काब द राम मागे पडलं नाही तर इंजिन लावावं. पाळोळ्याच्या उत्तर टोकाच्या बेटाच्या आडोशाला वायव्येच्या लाटा जरा कमी लागतात. त्याच्या पुढे दक्षिणेला अंजदीव नौदलाच्या ताब्यात आहे, तिकडे वळायचं नाही.

जाताना सोपं वाटतं, फसवतं ते परतणं. दुपारचा वारा तोंडावर असतो. जे-२४ वाऱ्याच्या तोंडाशी जवळून चालते, तरी नागमोडी जावं लागतंच, आणि नकाशावरचे २५ मैल ३५ होतात. म्हणून परत येताना सकाळचा मतलई गाठायचाच, आणि तासभर जरी उशीर झाला तरी दुसऱ्या दिवसावर ढकलायचं. सोमवारी ऑफिस आहे म्हणून दुपारच्या वाऱ्याशी झगडत येणारी मंडळी थकलेल्या अवस्थेत, अंधारात मांडवीच्या मुखाशी पोहोचतात, आणि अपघात तिथेच होतात.

या मुखाबद्दल जरा सविस्तर. आग्वाद आणि काबच्या (दोनापावलजवळचं टोक, काब द राम नव्हे) मधे वाळूचा उथळ पट्टा आहे. ओहोटीचं पाणी बाहेर जात असताना समोरून लाट आली की ती उभी राहते आणि फुटते. त्यामुळे आत येताना भरतीचे शेवटचे दोन तास धरा. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची जुनी रीत ढोबळ अंदाजाला बरी, पण गोव्यात दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. आपला आधार मुरगावचा भरती-ओहोटीचा तक्ताच. आणखी एक गोष्ट अनुभवी लोकही विसरतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च दरम्यान आखाती भागातल्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून इथपर्यंत येतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केलेला आहे. आपल्याकडे वारा नसतो, आकाश स्वच्छ असतं, आणि मुखावर मात्र लाट फुटत असते. म्हणून नुसता वाऱ्याचा अंदाज बघून निघू नका, इन्कॉइस या सरकारी समुद्र माहिती केंद्राचा लाटांचा अंदाजही बघा. एप्रिलअखेरीस पूर्वेकडे ढग चढू लागले तर वळवाचा झोत जमिनीकडून येतो. उंच ॲल्युमिनियमची काठी घेऊन विजांत थांबायचं नसतं, वेळेत आत या.

जाळी हा गोव्याच्या किनाऱ्यावरचा रोजचा प्रश्न. जे-२४ची उभी कील आणि मागे लटकलेलं सुकाणू दोन्ही जाळं पकडतात. दिवसा थर्माकोलची बोयरी दिसली की दोन बोयऱ्यांच्या मधून न जाता टोकाबाहेरून जा. अडकलंच तर लगेच इंजिन न्यूट्रल, शिडं खाली, आउटबोर्ड वर. बोट मागे सरकू द्या, बहुतेक वेळा जाळं कीलवरून खाली निसटतं. सुकाणूला अडकलं तर बोटहुकाने दोर खाली दाबा. सुरी शेवटी. त्या जाळ्यावर एका घराची रोजी असते; मालक जवळ असेल तर हाक मारा, तो तुमच्यापेक्षा लवकर सोडवतो. कापावंच लागलं तर नुकसान भरून द्या.

माणूस पाण्यात पडला तर परत वर घेणं या बोटीवर जड जातं, कारण मागे शिडी नसते. घडीची शिडी बसवा, आणि फेंडर (बाजूला टांगायची फुगीर उशी) पाण्यात टाकून तो उचलायचा सराव प्रत्येकाने सुकाणूवर बसून करावा. करंजाळ्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षणाचे वर्ग असतात, एकाने तरी करून यावेत. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४ केबिनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. नोंदणी आणि कागदांचं काम पणजीच्या बंदर कप्तान खात्यात चालतं. पैसे देण्याआधी आधीच्या मालकाच्या नावावरचे कागद तिथे दाखवून घ्या.

निगेचा खर्च धरून चाला. कोमट पाण्यात तळ फार लवकर धरतो. रंग जुना असेल तर तीन-चार आठवड्यांत बार्नेकल (तळाला चिकटणारे कवचाचे जीव) बसतात आणि बोट नॉटभर मंद होते. मेअखेर बोट बाहेर काढा. डोलकाठी उतरवून आडवी ठेवा, शिडं गोड्या पाण्याने धुऊन घरी न्या, नाळ थोडी उंच ठेवा म्हणजे पाणी मागे निथळेल, कॉकपिटची भोकं पालापाचोळ्याने बुजलेली नाहीत हे दर आठवड्याला पाहा. ताडपत्री डेकला चिकटून नको, खाली हवा खेळायला हवी, नाहीतर ऑगस्टपर्यंत आत बुरशी आणि बाल्सात पाणी. पावसाळ्यात बोटीकडे लक्ष ठेवणारं कोणी पणजीच्या आसपास नसेल, तर ही बोट घेऊ नका.